रहाटाकडची खिडकी

मी खिडकी बोलतेय. हल्ली माझ्या गजांना डिझेलचा वास येतो, पण त्यावर जाऊ नका. माझी उमेदीची सगळी वर्षं केळव्याच्या शाळेत गेली. सातवीच्या वर्गाच्या डाव्या भिंतीतली मोठी खिडकी ती मी.

वर्गात खरा मान फळ्याचा. आल्यागेल्याचं लक्ष आधी त्याच्याकडे जायचं. पण धडा सुरू होऊन थोडा वेळ गेला की एकेक मान हळूच माझ्याकडे वळायची. फळ्याला याचा भारी राग. आधीच काळा, त्यात रागाने आणखी काळा व्हायचा. मी काही मुलांना बोलवायला जात नव्हते. ती आपण होऊन यायची, आणि का यायची हे मला ठाऊक असायचं, कारण माझ्याशी बसून ती जे पुटपुटायची ते सगळं माझ्या कानांवर पडायचं.

माझी चौकट मनोरकडच्या सागाची. मला भिंतीत बसवताना सुताराने गवंड्याला विचारलं होतं, "थोडी वर घेऊ काय? पोरं बाहेर बघतील." गवंडी उन्हाने वैतागलेला होता. तो म्हणाला, "बघू दे रे. वारा तरी येल." त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. नाहीतर मी आढ्याजवळ कुठेतरी टांगले गेले असते आणि जन्मभर कावळे मोजत बसले असते.

माझ्यासमोर दामूतात्यांची वाडी होती. उंच सुपारी, माडांची सावली, आणि त्या गारव्यात चढवलेल्या विड्याच्या पानांच्या वेली. कुंपणाला लागूनच विहीर आणि विहिरीवर रहाट. रहाटाला मंगळ्या नावाचा रेडा जुंपलेला. त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधली की तो एकटाच गोल गोल फिरत राही, गाडगी भरून वर येत, पाणी पाटाने वेलींकडे जाई. रहाट दिवसभर कुरकुरायचा. नव्या माणसाला तो आवाज नकोसा होई, पण केळव्याच्या माणसाला तो थांबला की चुकल्यासारखं वाटे.

माझी गोष्ट इथूनच सुरू होते, कारण मंगळ्या पक्का लबाड होता. मागे कोणी नाही याचा अंदाज आला की तो उभा राहायचा. उभा राहिला की रहाट गप्प, पाणी बंद. पानवेल म्हणजे लाडावलेलं लेकरू. फाल्गुनाच्या उन्हात तिला पाणी चुकलं की मान टाकते. म्हणून ज्यांच्या घरी रहाट, त्यांच्या घरातल्या एका माणसाचा कान सतत तिकडे असायचाच. स्वयंपाक करा, माडाचे झाप विणा, काहीही करा, कान रहाटाकडे. दामूतात्यांच्या घरी हे काम शैलाचं होतं.

शैला त्यांची मुलगी. अंगाने किरकोळ, डोळे मोठे, बोलणं कमी. सहावी झाल्यावर तात्या तिला शाळेतून काढणार होते. बायको गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं. तेव्हा शैलाने त्यांना कुंपणापाशी आणून मला बोटाने दाखवलं.

"आबा, मी त्या खिरकीशी बसन. तितून रहाट ऐकू येते. रेडा थांबला की हाकलन."

"आनि गुरुजी?"

"त्यांना कललं तर ना."

तात्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा रहाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बघ बाय. पन वेली सुकल्या तर शाला बंद." अशा रीतीने शैलाचं शिक्षण माझ्या गजांमधून चालू राहिलं. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

तिची युक्ती साधी होती. सकाळी येताना ती वाडीत गळून पडलेल्या कोवळ्या सुपाऱ्या ओच्यात घेऊन यायची. रहाटाची कुरकुर थांबली की तिचा हात गजांतून बाहेर जायचा आणि सुपारी नेमकी मंगळ्याच्या पाठीवर बसायची. तो दचकून चालू लागायचा. सगळ्या वर्गाला हे माहीत होतं आणि सगळ्या वर्गाने तोंड शिवलं होतं.

माहीत नव्हतं ते फक्त चंद्रभान गुरुजींना. ते नगरकडचे, त्याच वर्षी बदलून आलेले. माणूस प्रामाणिक, धोतर स्वच्छ, आवाज खणखणीत. आदल्या वर्षी सातवीच्या फायनलला पालघरच्या केंद्रावर आपल्या शाळेची निम्मी मुलं नापास झाली होती. वरून बोल आला होता, आणि हा निकाल सुधारायचाच असं गुरुजींनी मनाशी घेतलं होतं. म्हणून ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकवत. फळ्याकडे तोंड करून लिहीत, लिहिता लिहिता बोलत, आणि मुलांकडे वळून म्हणत, "पाठ करा." मुलं पाठ करत. दुसऱ्या दिवशी विचारलं की पालथ्या घड्यावर पाणी. गुरुजी आणखी जोराने शिकवत.

"तुम्हाला शिकायचंच नाही," ते कळवळून म्हणायचे. "मी इथं घसा फोडतो आणि तुमचं लक्ष कुठं? त्या खिडकीत!"

एके दिवशी ते व्याजाचं गणित सोडवून सहज मागे वळले आणि त्यांना शैलाचा सुपारी फेकणारा हात दिसला.

"काय चाललंय? शाळेत नेमबाजी?"

शैला उभी राहिली. बोलली काहीच नाही. सांगितलं तर गुरुजी म्हणणार, एकतर वाडी सांभाळ नाहीतर शाळा. आणि आबा कुठलं निवडतील हे तिला माहीत होतं. तिच्या मैत्रिणीने, उषाने, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण गुरुजी गरजले, "कारणं नकोत मला!" मग उषाही गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी हातोडी घेऊनच आले. तारापूरला तेव्हा अणुवीजघराचं मोठं काम सुरू झालं होतं. गावातली बरीच माणसं तिकडे जात आणि येताना खोक्यांच्या मोडक्या फळ्या जळणाला आणत. नुसती दारं लावली तर मुलं उघडतील म्हणून त्यांतल्याच चार फळ्या गुरुजींनी माझ्यावर आडव्या ठोकल्या. प्रत्येक खिळ्याला मी ओरडले, पण खिडकीचं ओरडणं कोणाला ऐकू येणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! फळा मात्र त्या दिवशी लखलखीत दिसत होता.

गुरुजींना वाटलं, आता सगळे डोळे फळ्याकडे. कुठले! पहिल्या दिवशी मुलांनी माझ्यावरच्या फळ्यांवर छापलेली इंग्रजी अक्षरं वाचून काढली. दुसऱ्या दिवशी आढ्यावरची पाल. त्यानंतर कृष्णकांत नावाच्या द्वाड मुलाने माझ्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप पाटीवर घेऊन ती गुरुजींच्या टोपीवर नाचवायला सुरुवात केली. मला बंद केल्यावर कळलं की मुलं माझ्यामुळे बाहेर बघत नव्हती. कंटाळा वर्गातच होता, मी फक्त त्याला वाट देत होते.

शैला तेवढी हलायची नाही. ती माझ्याशी कान लावून बसायची. फळ्यांमधून रहाटाची कुरकुर कशीबशी ऐकू यायची, आणि थांबलेलीही कळायची. पण सुपारी जायला जागा नव्हती. रहाट थांबला की तिची बोटं ओच्यातल्या सुपारीवर आवळायची. ती एकदा "पाणी प्यायला जाऊ?" म्हणून विचारायची, पुन्हा विचारलं की गुरुजी नाही म्हणायचे. मग ती डोळे मिटून रहाट पुन्हा सुरू व्हायची वाट बघत बसायची. गुरुजींच्या हिशेबी आता तिचं लक्ष सगळ्यात चांगलं होतं.

वेलींनी मान टाकायला वेळ लागला नाही. एका सकाळी मला वाडीतून तात्यांचा आवाज ऐकू आला. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. त्याने मला जास्त वाईट वाटलं.

"ऱ्हाऊ दे बाय आता. तुजी काय चूक नाय. पन वेली मेल्या तर खायाचं काय? घरीच ऱ्हा, रहाटावर बस."

त्या दिवसापासून शैलाची जागा रिकामी राहिली. उषा तिथे आपली पिशवी ठेवायची, दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून.

गुरुजींनी हजेरी घेताना दोन-तीनदा नाव पुकारलं. मग एका दुपारी त्यांनी पुस्तक मिटलं. "शैला का येत नाही? कोणाला माहीत आहे?"

कृष्णकांतसुद्धा नखं बघत बसला.

"मी रागावणार नाही," गुरुजी म्हणाले. असं सगळेच गुरुजी म्हणतात आणि मग रागावतात. पण या वेळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. उषा उभी राहिली.

"गुरुजी, ती सुपारी टवालकी म्हनून नाय फेकत होती. रेडा थांबला की फेकायची. ते काम करन म्हनून तिच्या आबांनी तिला सातवीला बसवली. तुमी खिरकी ठोकली, मंग वेली सुकल्या."

"रेडा थांबला की? पण रहाटामागं माणूस नसतो का?"

"नाय. रेडा एकलाच फिरते."

गुरुजींनी वळून माझ्यावरच्या फळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या मुलखात मोट. मोटेवर हाकणारा असतोच, तो नसला तर बैल पाऊल उचलत नाहीत. जनावर एकटं चालतं आणि माणूस लांबून नुसत्या कानाने त्याला चालवतो, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "लहानपणी मीही मोटेवर बसून पाढे म्हटलेत," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि या पोरीला मी..."

शाळा सुटायची वाट न बघता ते कुंपणापाशी गेले. मला फटीतून थोडंसंच दिसत होतं. शैला मंगळ्यामागे रहाटाच्या दांड्यावर बसली होती आणि रेड्याबरोबर गोल फिरत होती. गुरुजी दिसताच ती खाली उडी मारून उभी राहिली. तात्या वेलींतून बाहेर आले.

"तात्या, पोरीला शाळेत पाठवा. खिडकी मी आत्ता उघडतो. रहाटाची जबाबदारी माझी."

"तुमची जबाबदारी घेऊन मी काय वेलीला बांधू?" तात्या म्हणाले. पण गुरुजी जागचे हलेनात, आणि शैला बापाकडे बघत होती. अखेर तात्या म्हणाले, "बरा. पन एकदा जरी रहाट गप जालेला मला दिसला, तर पोरगी घरी. मंग तुमी परत याचा नाय."

"नाही येणार," गुरुजी म्हणाले.

त्यांनी स्वतः माझे खिळे उपसले. एक खिळा त्यांच्या बोटात घुसला, तरी थांबले नाहीत. वारा आत आला, उजेड आला, रहाटाची कुरकुर आली. मग टेबलावर टेकून, फळ्याकडे पाठ करून, त्यांनी वर्गाला विचारलं, "आता मला सांगा. तुम्हाला वर्गात कंटाळा का येतो? खरं सांगा."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. असा प्रश्न त्यांना जन्मात कोणी विचारला नव्हता. धीर केला तो कृष्णकांतने.

"गुरुजी, तुमी फल्याशी बोलता. आमाला निस्ती तुमची पाठ दिसते."

कोणीतरी खुदकन हसलं. गुरुजी नाही हसले, आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "पुढं?"

मग पाटाला पाणी सुटावं तशी मुलं बोलू लागली. उषा म्हणाली, उत्तर चुकलं की सगळे हसतात आणि गुरुजी हसणाऱ्यांना काही बोलत नाहीत, म्हणून येत असलं तरी ती हात वर करत नाही. एक जण म्हणाला, पाठ करायला सांगता, पण ते कशासाठी ते सांगत नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "आमाला काय येते ते कोन इचारतच नाय. काय येत नाय तेच इचारतात." शैला सगळ्यांत शेवटी बोलली. "गुरुजी, मला शिकायला आवडते. पन कान तिकडे असला की मन फाटते. अर्धं हितं, अर्धं तितं. ज्या दिवशी सगली हितं बसायला मिललं ना, त्या दिवशी मी लई शिकन."

गुरुजींचे कान लाल झाले होते. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. हे सगळं मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते, पण ऐकून घेणं माझं काम होतं. त्यांना ते टोचत होतं, तरी ते ऐकत होते.

त्या दिवसापासून वर्गाने रहाट वाटून घेतला. रोज एका मुलाची पाळी. तो माझ्याशी बसायचा, सुपाऱ्यांचा ढीग माझ्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि कान बाहेर लावायचा. शैला पहिल्या बाकावर गेली. गुरुजींचा स्वभाव काही एका रात्रीत बदलला नाही. मधूनच ते फळ्याकडे वळून बोलायला लागत. मग कृष्णकांत खोकायचा. गुरुजी दचकून वळायचे, थेट मंगळ्यासारखे. तात्या रोज एक फेरी मारून रहाट बघून जात. रहाट चालू असे.

आणि मग तो दिवस आला. गुरुजींनी सगळे बाक भिंतीला लावले. मधोमध खुर्चीवर कंदील ठेवला. "हा सूर्य. शैला, तू पृथ्वी. स्वतःभोवती फिर आणि कंदिलाभोवतीही फिर. आता चंद्र कोण?"

"मी! मी!" म्हणत कृष्णकांत माझ्याजवळून उठला आणि शैलाभोवती धावू लागला. त्या दिवशी माझ्यापाशी बसायची पाळी त्याची होती.

काय गोंधळ! चंद्र पृथ्वीच्या पायात येत होता, पृथ्वीला चक्कर येत होती, दिवस कुठे आणि रात्र कुठे यावर दोन गट पडून भांडत होते. गुरुजी फळा विसरले होते. खडू त्यांच्या कानावर तसाच होता.

त्याच वेळी बाहेर रहाट थांबला.

मला ऐकू आलं. एकट्या मलाच. मी वाऱ्याने माझी दारं आपटली. कोणी बघितलं नाही. त्या खोलीतल्या एकाही मुलाची मान माझ्याकडे वळली नाही. एरवी मला हेवा वाटला असता, पण त्या क्षणी मी दारं पुन्हा आपटली, कारण कुंपणातून दामूतात्या येत होते.

तात्यांनी उभा मंगळ्या पाहिला. ताडताड माझ्यापाशी आले, दोन्ही हातांनी माझे गज धरले आणि हाक मारायला तोंड उघडलं.

आत शैला फिरता फिरता एकदम थांबली होती. "गुरुजी! मंगळ्याच्या डोल्यांवर झापडं असतात. त्याला वाटते आपन सरल लांब चाललो, आनि तो गोल फिरत असते. मंग आपलं पन तसंच हाय काय? आपन बी फिरतो, आनि आपल्याला कलत नाय?"

गुरुजींचा चेहरा असा उजळला की कंदील फिका पडावा. "अगदी तसंच आहे, पोरी," ते म्हणाले. "अगदी तसंच. हे कोणत्याही पुस्तकात इतकं सोपं लिहिलेलं नाही."

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी आपल्या लेकीला इतकं मोठ्याने, इतकं लांबलचक बोलताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या गजांवरची त्यांची पकड हळूहळू सैल झाली. मग त्यांनी माझ्या उंबऱ्यावरच्या ढिगातली एक सुपारी उचलली, वळले आणि मंगळ्याच्या पाठीवर फेकली. नेम चुकला. ते स्वतःच चालत गेले आणि रेड्यामागे फिरू लागले.

रहाट कुरकुरला तेव्हा कुठे शैलाच्या लक्षात आलं. ती धावत माझ्याकडे आली. "आबा! मी, मी येते..."

तात्यांनी तिकडूनच हात केला. "जा, बस. मी हाय हितं."

शैला फायनल पास झाली, पालघरच्या हायस्कुलात गेली, आणि हल्ली शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आहे. चंद्रभान गुरुजींची बदली झाली. जाताना ते माझ्यापाशी क्षणभर उभे राहिले आणि खिळ्यांची भोकं बोटाने चाचपून गेले. शाळेची नवी इमारत झाली तेव्हा तिच्या खिडक्या खूप वर, आढ्याजवळ बसवल्या. मुलांनी बाहेर बघू नये म्हणून! मी भंगारात जायची, पण दामूतात्यांनी मला मागून घेतलं. मंगळ्या म्हातारा होऊन गेला, रहाटाच्या जागी इंजिन आलं, आणि त्या इंजिनाच्या खोलीला मी बसले. म्हणून हा डिझेलचा वास. आता माझं तोंड शाळेकडे आहे.

तुम्ही कोणी शिकवणारे असाल तर एवढंच मागते. एखादं पोर बाहेर बघताना दिसलं, तर हातोडी शोधण्याआधी त्याला विचारा, बाळा, तुला काय ऐकू येतंय? कदाचित त्याचा रहाट कुठेतरी थांबला असेल.

आमचं इंजिन भलतंच घरघरतं. त्याचा आवाज नव्या शाळेच्या त्या उंच खिडक्यांतूनही आत जातो. म्हणून तात्या भल्या पहाटे उठून वेलींना पाणी देतात आणि शाळेची घंटा झाली की इंजिन बंद करतात. परवा शेजारच्या वाडीवाल्याने विचारलं, "तात्या, एवडं उन तापलंय, इंजिन बंद कशापायी?"

तात्यांनी माझ्या गजांतून पलीकडे बोट दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "शाला चालू हाय."